ईस्टरची तारीख चंद्राला का विचारावी लागते?

मुलांनो, नगरजवळच्या केडगावात रेणुकामातेचं देऊळ आहे. नवरात्रात तिथे दर्शनाला नुसती रीघ लागते. पण हे नवरात्र सुरू कधी होतं? २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. २०२४ साली ३ ऑक्टोबरला. २०२५ साली तर ती सप्टेंबरातच शिरली, २२ तारखेला. आणि २०२६ साली पुन्हा ११ ऑक्टोबर! सण असा मागेपुढे का होतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. सण तिथीवर चालतो, तिथी चंद्रावर चालते, आणि चंद्र काही जानेवारी-फेब्रुवारी मोजत नाही.

आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ख्रिस्ती सण शोधा. नाताळ सापडायला सोपा. कुठलंही वर्ष घ्या, २५ डिसेंबर. पण ईस्टर पाहा बरं. २०२३ साली ९ एप्रिल, २०२४ साली ३१ मार्च, २०२५ साली २० एप्रिल, २०२६ साली ५ एप्रिल. वार मात्र दर वेळी रविवारच!

येशू ख्रिस्त क्रुसावर मरण पावले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले, असा ख्रिस्ती लोकांचा विश्वास आहे. त्या उठण्याचा सण म्हणजे ईस्टर. मग जन्माचा दिवस पक्का आणि उठण्याचा दिवस पळता, असं का?

कारण ईस्टरही चंद्राला विचारूनच येतो. आणि चंद्राला विचारायची ही रीत ख्रिस्ती धर्माला मिळाली आहे त्याच्या आधीच्या एका धर्माकडून, यहुदी म्हणजे ज्यू धर्माकडून. या दोन धर्मांचं नातं काय, ते कुठे जुळतात आणि कुठे वेगळे होतात, हे समजून घ्यायला मोठमोठे ग्रंथ नंतर उघडू. आधी आकाशातला चंद्र पुरेसा आहे.

पौर्णिमेच्या रात्री निघालेले लोक

यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथात एक मोठी गोष्ट आहे. त्यांचे पूर्वज मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, गुलाम होते. दिवसभर विटा थापायच्या आणि वर मार खायचा. मोशे नावाचा पुढारी राजाकडे गेला आणि म्हणाला, माझ्या लोकांना जाऊ दे. राजा काही केल्या ऐकेना. देशावर एकामागून एक संकटं आली, तरी तो बधला नाही. शेवटच्या संकटाच्या रात्री प्रत्येक यहुदी घराने एक कोकरू कापलं आणि त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं. ती खूण असलेली घरं मृत्यूने ओलांडली आणि तो पुढे गेला. त्या रात्रीच राजाने त्यांना जायला सांगितलं. इतकी घाई, की मळलेलं पीठ फुगायलाही वेळ नव्हता. तसंच कच्चं पीठ बांधून ते निघाले.

या रात्रीच्या आठवणीचा सण म्हणजे वल्हांडण. हिब्रू भाषेत त्याला पेसाह म्हणतात. तो निसान महिन्याच्या पंधराव्या दिवशी सुरू होतो. यहुदी महिना नव्या चंद्रकोरीपासून मोजतात, म्हणून पंधरावा दिवस म्हणजे पौर्णिमा. आणि त्यांचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य मावळला की बदलतो. म्हणून वल्हांडणाचं जेवण वाढलं जातं ते चंद्र उगवण्याच्या वेळेला.

त्या जेवणात फुगलेला पाव चालत नाही. का चालत नाही, हे कळायला पीठ का फुगतं ते पाहू. ओल्या पिठात खमीर, म्हणजे यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव, वाढू लागतात. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्या वायूचे बुडबुडे पिठात अडकले की पीठ वर येतं. हे सगळं व्हायला वेळ लागतो. यहुदी नियम असा, की वल्हांडणाच्या भाकरीच्या पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे. या बिनखमिराच्या भाकरीला मात्सा म्हणतात. पूर्वजांना थांबायला वेळ नव्हता, ही आठवण ती दर वर्षी ताटात आणते.

सूर्य आणि चंद्र यांचा हिशेब

वल्हांडणाला दोन अटी आहेत. पौर्णिमा हवी आणि वसंत ऋतू हवा, कारण तो जव पिकण्याच्या दिवसांतला सण आहे. इथेच गणिताची पंचाईत होते.

एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. असे १२ महिने म्हणजे ३५४ दिवस. पण ऋतू फिरून पुन्हा तिथेच यायला लागतात साधारण ३६५ दिवस आणि ६ तास. म्हणजे चांद्रवर्ष दर वर्षी ११ दिवसांनी कमी पडतं. नुसत्या चंद्रावर चाललं, तर सण दर वर्षी ११ दिवस आधी येत सगळ्या ऋतूंमधून फिरतो. रमजानचा महिना कधी उन्हाळ्यात तर कधी पावसाळ्यात येतो, तो यामुळेच.

आजोबा आणि नातू बरोबर चालत असले, की आजोबांच्या १२ ढांगांत नातू थोडा मागे पडतो. मग त्याने मधूनच एक पाऊल जास्त टाकायचं, की पुन्हा दोघे बरोबर! चांद्रवर्षही असंच एक जास्तीचं पाऊल टाकतं. आपण त्याला अधिक महिना म्हणतो. यहुदी पंचांगातही अगदी तसाच अधिक महिना असतो. अदार नावाचा महिना त्या वर्षी दोनदा येतो.

किती वर्षांत किती पावलं जास्त टाकायची? उत्तर आहे १९ वर्षांत ७. मांडून पाहा. १९ वर्षांचे १२ गुणिले १९, म्हणजे २२८ महिने. त्यात ७ मिळवले की २३५. आणि २३५ चांद्रमहिने आणि १९ सौरवर्षं यांत फरक उरतो तो फक्त दोन तासांचा! १९ वर्षांनी फक्त दोन तास! म्हणूनच तुमच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तारखेचा वाढदिवस आणि तिथीचा वाढदिवस पुन्हा जवळजवळ एकाच दिवशी येईल. लक्षात ठेवा आणि तेव्हा तपासा.

पूर्वी हे सगळं डोळ्यांनी चाले. नवी कोर दिसली की साक्षीदार जेरुसलेमच्या न्यायसभेपुढे येऊन सांगत. मग डोंगरमाथ्यावर जाळ पेटवत, तो पाहून पुढच्या डोंगरावर, असं करत दूरदूरच्या गावांना नवा महिना कळे. पुढे लोक जगभर पांगले, तेव्हा गणिताने बसवलेलं पंचांग वापरात आलं.

कोकणातला 'होळीचा सण'

आता तुम्ही म्हणाल, मिसर आणि जेरुसलेम फार लांब. मग जवळ येऊ या. आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव आहे. फार फार पूर्वी तिथल्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी तिथल्या यहुदी लोकांची परंपरा सांगते. त्यांचे वंशज म्हणजे बेने इस्राएल, अर्थात इस्राएलची लेकरं. ते गावोगाव राहिले, मराठी बोलू लागले. आडनावंही गावांवरून पडली: केहिमकर, दिवेकर, पेणकर, नवगावकर.

बरेचजण तेलाचा घाणा चालवत. पण शनिवारी घाणा बंद! यहुदी धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत विश्रांतीचा पवित्र दिवस असतो, त्याला शब्बाथ म्हणतात. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शेकडो वर्षांत त्यांची हिब्रू भाषा विसरली गेली. देव एकच आहे असं सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. आणि सण राहिले, ते चक्क मराठी नावांनी!

केहिमकर नावाच्या बेने इस्राएल गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात ही नावं सापडतात. वर्षारंभाचा 'नव्याचा सण'. दिवसभर उपास करून घरात राहायचं तो 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर रोमन सैन्याने पाडलं त्या दुःखाचा दिवस 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. आणि आपल्या वल्हांडणाचं नाव 'अनाशी ढाकायचा सण'. आंबट रसाचं एक मातीचं भांडं घरात असे, ते या सणात झाकून ठेवायचं. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हता, तरी आंबलेलं खायचं नाही ही खूण घराघरांत टिकून होती!

आणखी एक नाव ऐका: 'होळीचा सण'. यहुद्यांचा पुरीम सण हा अदार महिन्याच्या पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणजे वल्हांडणाच्या बरोबर एक महिना आधी. आपली होळी फाल्गुन पौर्णिमेला. २०२५ साली १३ मार्चला गावोगाव होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम सुरू झाला. कोकणातल्या माणसांनी दोन्ही सण एका चंद्राखाली पाहिले आणि नाव देऊन टाकलं. आणि २०२५ साली २२ सप्टेंबरला केडगावात घट बसले ना? त्या दिवशी सूर्य मावळला आणि यहुद्यांचं नवं वर्ष लागलं.

पुढे हिब्रू पुन्हा शिकण्याची सोय झाली. जॉन विल्सन हे स्कॉटलंडचे मिशनरी मुंबईत होते. त्यांनी १८३२ साली बेने इस्राएल लोकांसाठी हिब्रू भाषेचं व्याकरण मराठीतून छापलं. अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. हे मिशनरी ख्रिस्ती होते आणि या लोकांनी ख्रिस्ती व्हावं अशी त्यांची इच्छा होती. बेने इस्राएल लोकांनी त्यांच्याकडून हिब्रू घेतली, शास्त्राचं मराठी भाषांतर घेतलं आणि ते बहुतेक सगळे यहुदीच राहिले, उलट अधिक जाणते यहुदी झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादात तर मात्सा करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आणि त्या बायका साडीत आहेत!

येशूंचं शेवटचं जेवण

आता ईस्टरकडे परत येऊ. येशू कोण होते? गालील प्रांतातले यहुदी. त्यांची आई मरिया यहुदी. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते. ती मतमाउली म्हणजे हीच मरिया. येशूंचे बारा शिष्यही यहुदीच. ते शब्बाथला सभास्थानात जात आणि हिब्रू शास्त्र वाचत. वल्हांडणाला जेरुसलेमला जात.

अशाच एका वल्हांडणाच्या दिवसांत त्यांना रोमन सुभेदाराच्या हुकमाने क्रुसावर मारण्यात आलं. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूंची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत, त्यांचं शेवटचं जेवण हे वल्हांडणाचंच जेवण आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ते मरण पावले तो दिवस आहे सणाच्या तयारीचा, कोकरं कापली जातात तो. दोन्हीकडे पौर्णिमा तीच.

येशूंच्या शिष्यांनी या मरणाकडे पाहिलं ते आपल्या सणाच्या गोष्टीतूनच. वल्हांडणाच्या कोकराने पूर्वजांना वाचवलं, तसे येशू सगळ्या जगाला पापातून आणि मरणातून सोडवणारे कोकरू आहेत, असं ते सांगू लागले. त्या जेवणात येशूंनी भाकरी मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला. त्याची आठवण ख्रिस्ती देवळांत आजही करतात, तिला प्रभुभोजन म्हणतात. कॅथलिक देवळात त्या वेळी मिळणारी पातळ पांढरी चकती पाहिली असेल, तर आठवा. ती फुगलेली नसते. त्या भाकरीतही खमीर घालत नाहीत!

आठवड्याच्या सुट्टीचंही तसंच. शब्बाथ उलटल्यानंतरच्या सकाळी येशूंची कबर रिकामी दिसली, असं शुभवर्तमानं सांगतात. म्हणून ख्रिस्ती लोकांचा मुख्य दिवस शनिवारनंतरचा, रविवार, झाला. शनिवार तेल्यांचा शनिवार आणि चर्चच्या घंटेचा रविवार हे असे शेजारी-शेजारी आले.

इथे वाट वेगळी होते

मग हे दोन धर्म एकच म्हणायचे का? नाही. आणि इथे नीट थांबून समजून घ्यायला हवं.

देव एक दिवस मशीहा नावाचा तारणारा पाठवील, ही आशा यहुदी शास्त्रात आहे. ख्रिस्ती लोक म्हणतात, तो आला, तो येशू. ते येशूंना देवाचा पुत्र मानतात, देवच माणूस होऊन आला असं मानतात. यहुदी लोक म्हणतात, देव एक आहे आणि तो माणूस होत नाही. शिवाय मशीहा आला की जगात लढाया थांबतील, न्याय येईल, असं शास्त्रात लिहिलं आहे. ते अजून झालेलं नाही. म्हणून आम्ही वाट पाहतो.

प्रश्न एकच, पुस्तक तेच, आणि उत्तरं दोन. दोन्ही उत्तरं देणारी माणसं मनापासून देतात. एकाला दुसऱ्याचं अर्धवट रूप समजणं चूक आहे. यहुदी धर्म म्हणजे अपुरा राहिलेला ख्रिस्ती धर्म नव्हे. तो स्वतःच्या पायावर उभा असलेला, आजही जिवंत असलेला धर्म आहे.

केडगावातलं एक अवघड गणित

पुस्तक तेच, असं मी म्हटलं. ते खरं का, हे पडताळायला आणखी एका केडगावला जाऊ. नगरहून रेल्वेने दौंडला जा, तिथून पुण्याच्या बाजूला थोडं पुढे गेलं की केडगाव नावाचंच दुसरं स्टेशन लागतं. हे पुणे जिल्ह्यातलं. इथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारलं आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना, विधवांना घर दिलं.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. संस्कृतात त्यांची विद्वत्ता अशी, की कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. साध्या बायकांना सहज कळेल अशा मराठीत बायबल हवं, असं त्यांना वाटू लागलं. दुसऱ्या भाषांतरावरून भाषांतर करणं त्यांना पसंत नव्हतं. मूळ भाषेतूनच करायचं! मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मिशनच्या छापखान्यात बायका खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या या कामात होत्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झालं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती वाचक तर होतेच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीच नगरला आलं होतं आणि 'ज्ञानोदय' हे मासिक १८४२ साली नगरहूनच सुरू झालं होतं.

पण ख्रिस्ती ग्रंथासाठी हिब्रू कशाला शिकायची? कारण बायबलचा मोठा भाग, ज्याला ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, तो यहुद्यांचाच पवित्र ग्रंथ आहे. यहुद्यांसाठी तो अर्थातच 'जुना' नाही, तोच त्यांचा ग्रंथ. त्याला ते तनाख म्हणतात. येशूंच्या अनुयायांनी लिहिलेला नवा करार ग्रीकमध्ये आहे आणि तो यहुदी ग्रंथात नाही.

आता गणित. तनाखमध्ये पुस्तकं २४. रमाबाईंच्या बायबलासारख्या प्रॉटेस्टंट बायबलात जुन्या कराराची पुस्तकं ३९. पुस्तक तेच, तर १५ जास्त कुठून आली? पाहा बरं. बारा छोट्या संदेष्ट्यांचं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांचं, यहुदी मोजणीत एकच पुस्तक, ख्रिस्ती मोजणीत १२. म्हणजे ११ वाढली. शमुवेल, राजे आणि इतिहास ही तीन पुस्तकं दोन-दोन भागांत मोजली, आणखी ३. एज्रा आणि नहेम्या वेगळे केले, आणखी १. ११ अधिक ३ अधिक १, बरोबर १५! मजकूर तोच, मोजणी वेगळी. कॅथलिक बायबलात मात्र यांखेरीज आणखी काही पुस्तकं आहेत, तिथे आकडा ४६ होतो.

क्रमही वेगळा आहे, आणि त्यात मोठा अर्थ आहे. तनाख संपतो तो इतिहासाच्या पुस्तकावर, जेरुसलेमला परत जाण्याच्या हाकेवर. ख्रिस्ती जुना करार संपतो मलाखीवर. मलाखीच्या शेवटी वचन आहे, की संदेष्टा एलिया पुन्हा येईल. पान उलटलं की नवा करार, आणि लवकरच बाप्तिस्मा देणारा योहान भेटतो. लोक त्याला विचारतात, तू एलिया आहेस का?

यहुदीही एलियाची वाट पाहतात. वल्हांडणाच्या रात्री त्याच्यासाठी एक प्याला भरून ठेवतात आणि दार उघडतात. आणि आपल्या बेने इस्राएल लोकांचा तर त्याच्यावर विशेष जीव. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक आहे. एलिया संदेष्ट्याचा रथ इथून आकाशात गेला, त्याच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची ही खूण, असं ते मानतात. त्याच्या नावाने ते मलिदा करतात. त्यात पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वर फळं असतात. नवस फेडायला, लग्नकार्यात, नव्या घरात, मलिदा हवाच.

भिंतीवरची दिनदर्शिका ईस्टरमुळे

सुरुवातीला काही ख्रिस्ती लोक यहुद्यांच्या वल्हांडणाबरोबरच, वार कोणताही असो, आपला सण पाळत. बाकीचे म्हणत, रविवारच हवा. वाद खूप रंगला. इ.स. ३२५ साली निकाया गावी धर्मगुरूंची मोठी परिषद भरली. तिथे ठरलं, की सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळायचा आणि त्यासाठी यहुद्यांच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. पुढे पक्का झालेला नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमा रविवारीच आली, तर पुढचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही.

पंचांग सोडलं, पण चंद्र सुटला नाही! चर्चनेही पौर्णिमा काढायला तेच १९ वर्षांचं चक्र वापरलं.

पुढे आणखी एक अडचण आली. त्या काळच्या कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा ११ मिनिटांनी मोठं होतं. शेकडो वर्षांत ही मिनिटं साचत गेली आणि दिवस-रात्र समान होण्याचा मार्चमधला दिवस दहा दिवस मागे सरकला. ईस्टर चुकीच्या ऋतूकडे घसरू लागला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली कॅलेंडर दुरुस्त केलं. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर! तेच ग्रेगरियन कॅलेंडर आज तुमच्या भिंतीवर आहे. ईस्टर वसंतात राहावा म्हणून ते दुरुस्त झालं, आणि ईस्टर वसंतात हवा कारण वल्हांडण वसंतात आहे.

एक दुःखाची गोष्ट

दोन धर्म इतके जवळचे, तर प्रेमाने राहिले असतील ना? युरोपात तसं झालं नाही. येशूंच्या मरणाचा दोष ख्रिस्ती लोकांनी सगळ्या यहुद्यांवर ठेवला. शतकानुशतकं त्यांना हिणवलं, हाकललं, मारलं. कित्येकदा हे हल्ले नेमके ईस्टरच्या दिवसांतच झाले. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख यहुद्यांची हत्या केली. त्यानंतर अनेक चर्चनी आपल्या शिकवणीकडे पुन्हा पाहिलं. १९६५ साली व्हॅटिकनच्या परिषदेने स्पष्ट लिहिलं, की येशूंच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. इतकी साधी गोष्ट म्हणायला इतका उशीर झाला, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या कोकणात बेने इस्राएल लोकांना धर्मासाठी कोणी छळलं नाही, याचा मला तितकाच आनंद आहे.

करून पाहा

गेल्या काही वर्षांच्या दिनदर्शिका मिळवा. प्रत्येक वर्षासाठी हनुमान जयंती, वल्हांडण आणि ईस्टर या तीन तारखा लिहा. २०२६ साली वल्हांडण १ एप्रिलच्या संध्याकाळी, हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. एकाच पौर्णिमेचे तीन सण! पण २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला आला, होळीच्या पौर्णिमेनंतर. वल्हांडण मात्र २२ एप्रिलच्या संध्याकाळी आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला. त्या वर्षी यहुदी पंचांगात अधिक अदार होता. आपल्याकडे २०२३ मध्येच अधिक श्रावण होऊन गेला होता. म्हणून दोन्ही पंचांगांनी एक पौर्णिमा थांबायचं ठरवलं, आणि चर्चचा नियम मात्र २१ मार्चनंतर दिसलेल्या पहिल्या पौर्णिमेलाच धरून बसला.

आता २०२७. मार्चमधली पौर्णिमा २२ तारखेला, सोमवारी आहे. ईस्टर कधी येईल? आणि त्या वर्षी यहुदी पंचांगात अधिक महिना आहे, तर वल्हांडण कोणत्या महिन्यात? आधी स्वतः काढा, मग पुढे वाचा. ईस्टर २८ मार्चला आणि वल्हांडण २१ एप्रिलच्या संध्याकाळी. जमलं ना?

तक्ता तयार झाला की वर्गातल्या ख्रिस्ती मित्राला दाखवा आणि विचारा, तुमच्याकडे ईस्टरला काय करतात, का करतात? अलिबागला, ठाण्याला, मुंबईला गेलात आणि बेने इस्राएल कुटुंबाशी ओळख झाली, तर वल्हांडणाबद्दल त्यांनाच विचारा. दोन्ही घरांतून मोशेची गोष्ट ऐकायला मिळेल आणि तिचा शेवट वेगवेगळा सांगितला जाईल. दोन्ही पूर्ण ऐका, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी घालू नका.